माझ्या पुष्पचक्राची पोच

अक्का, तुला माझा नमस्कार.

तुझं पुष्पचक्र पोचलं. मी बरी आहे.

इकडे सगळं क्षेम आहे, आणि या खेपेला हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? बुर्गासची समुद्राची हवा तुम्हाला मानवते असं तू दर पत्रात लिहितेस आणि त्याखाली औषधांची नावं देतेस. (नावं आता नको. इथेही तीच औषधं मिळतात.) पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनचा उपयोग झाला नाही. पहिल्यांदा तू माझा आवाज ऐकलास, किंचाळलीस आणि फोन ठेवलास. दुसऱ्यांदा भावोजींनी उचलला. कोण बोलतंय, म्हणून विचारलं. मी माझं नाव सांगितलं. मेलेल्या बाईच्या नावानं थट्टा करता, लाज नाही वाटत, असं ते म्हणाले, आणि पुढे जे म्हणाले ते कागदावर घालण्यासारखं नाही. माझ्या बाजूनं ते इतक्या तावातावानं कधी बोलले नव्हते. त्यांना माझे आभार सांग. माझं अक्षर तुला ओळखता येईल. शाळेत त्याला तूच कोंबडीचे पाय म्हणायचीस. तेव्हा आता खुर्चीवर बस आणि हे शेवटपर्यंत वाच.

तू शेवटची आलीस तेव्हा आमच्या इमारतीच्या दारासमोर एक फुटकी न्हाणीची टाकी होती, काचा होत्या, आणि कुणाच्या तरी गाडीची बॅटरी होती. (तू येऊन किती काळ झाला, ते यावरून तूच ठरव.) आता तिथे बाग आहे. काचा मी वेचल्या, माती मी आणली. पॅन्झी आहेत, झेंडू आहेत, भिंतीलगत गुलाब आहेत, जुन्या लिंडनच्या झाडाखाली बाक आहे आणि बाकाच्या दोन बाजूंना गाडीच्या टायरांतून कापलेले दोन पांढरे हंस आहेत. हंसांवरूनच भांडण सुरू झालं. टायर तळमजल्यावरच्या रुस्कोचे होते. रुस्को म्हणजे घरोघर वातानुकूलन यंत्रं बसवणारा, मोठ्या गाडीचा आणि मोठ्या आवाजाचा. टायर त्यानं कचऱ्यापाशी फेकले, मी उचलले. हंस झाल्यावर ते त्याला आवडायला लागले, आणि तेव्हापासून माझ्या बागेत त्याच्या गाडीचे भाग आहेत असं तो सांगत फिरू लागला. तिथून पुढे, बागेच्या जागी गाडीच का असू नये, इथवर यायला त्याला फार वेळ लागला नाही. काँक्रीट टाकू, दोन गाड्या मावतील. इमारतीच्या बैठकीत मत घ्यायचं ठरलं, रविवारी संध्याकाळी. रुस्को दारोदार फिरला. त्यानं सगळ्यांची यंत्रं बसवली आहेत, आणि उन्हाळा तोंडावर आहे. माझ्या बाजूनं आमच्या व्यवस्थापक तोंकाबाई होत्या आणि मी होते. अक्का, मी हरणार होते.

हरणारच होते, तर निदान शेवटचं खत चांगलं घालावं, असं मनात आलं. म्हणून मिंकाच्या गावी गेले. (मिंका म्हणजे आपल्या मावशीची नात. तिच्याकडे मेंढ्या आहेत.) फोनची चार्जिंगची तार घरीच राहिली. मला फोन कोण करतं, म्हणून मीही ते मनावर घेतलं नाही. मिंकाकडे खाल्लं, झोपले, लेंडीखताची दोन पोती भरली. तेवढ्या अवधीत इकडे मी वारले.

त्याचं असं झालं. नगरपालिकेनं यंदा ठरवलं की शहर सुंदर ठेवणाऱ्या आणि झाडं, नदी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचा वसंतोत्सवात जाहीर सन्मान करायचा. चांगली गोष्ट आहे. इतकी वर्षं पालिकेकडून मला फक्त नळाच्या पाण्याबद्दल पत्रं येत होती. नुसता सन्मान नको, प्रत्येकाच्या गल्लीत त्याचं पत्रक लागलं पाहिजे, शेजाऱ्यांना अभिमान वाटला पाहिजे, असंही कुणाच्या तरी डोक्यात आलं. रंगीत शाई संपली होती, म्हणून पत्रक काळ्यात छापलं. नुसतं पांढरं बरं दिसेना, म्हणून भोवती काळी चौकट घातली. फोटो ओळखपत्रावरून घेतला. (त्या फोटोत मी आधीच गेलेली दिसते.) खाली मजकूर: वेलिका दिमोवा. तिनं आपलं आयुष्य या परिसरासाठी वेचलं. शहर तिचं ऋणी आहे. रविवारी अकरा वाजता, मोठ्या चौकात. सन्मान हा शब्दही होता, अगदी तळाशी, मुंगीएवढा. आणि पत्रकं चिकटवायचं काम दिलं ते ज्याला नेहमी देतात त्यालाच, म्हणजे गावातली निधनाची पत्रकं चिकटवणाऱ्याला. त्यानं ती त्याच्या सवयीच्या जागी लावली. लिंडनवर, इमारतीच्या दारावर, बेकरीवर, बसथांब्यावर, आठवड्यापूर्वी गेलेल्या घड्याळजीच्या पत्रकाशेजारी.

आपण बल्गेरियन माणसं काळी चौकट दिसली की खालचं वाचत नाही. फोटो बघतो, छातीवर क्रॉस काढतो, देव क्षमा करो म्हणतो आणि पाव घ्यायला जातो. तूही तेच करतेस. तोंकाबाईंनी तेच केलं आणि तुला फोन केला.

मी बसमधून उतरले ती माझ्याच समोर. चौकटीतून मी मला बघत होते. क्षणभर वाटलं, असेलही. मिंकाकडचं जेवण जड झालं होतं. मग पोती दिसली, आणि मेलेल्या बाईला कुणी खताची पोती सोबत देत नाही, एवढं मला कळलं. बेकरीवालीनं मला काचेतून पाहिलं आणि दुकानाचा पडदा ओढून घेतला. पोती ओढत मी घराकडे निघाले. वाटेत पत्रक सगळं वाचलं, मुंगीएवढं अक्षरही वाचलं, आणि खरं सांगते, हसू आलं. आता घरी जाऊन सगळ्यांची खोड मोडते, असं म्हणत होते.

पण इमारतीसमोर सगळे जमले होते. बाकावर मयताला करतात त्या उकडलेल्या गव्हाचं ताट, वर पिठीसाखर. रुस्कोच्या हातात राकियाची बाटली. सगळे माझं नाव घेत होते आणि कुणी ओरडत नव्हतं. हे इतकं नवीन होतं की मी लिंडनच्या मागे थांबले.

तोंकाबाई म्हणत होत्या, हट्टी होती, पण बाई सोन्याची. (हे सोनं त्यांना आजवर दिसलं नव्हतं.) मग रुस्को बोलायला लागला.

"एक दिवस गेला नाही या मावशीनं मला शिवी दिली नाही असा. नळी धरायची ती बागेवर, पाणी यायचं माझ्या गाडीच्या काचेवर. आता सकाळी मला शिव्या कोण देणार? तुम्ही देणार, तोंकाबाई? तुमच्यात तेवढा दम नाही." त्यानं नाक पुसलं. "राहू द्या तिची बाग. गाडी मी बेकरीमागे लावीन. मेलेल्या बाईच्या फुलांवर काँक्रीट ओतणारा मी नाही."

"हे रविवारी सांगशील की आत्ता?" तोंकाबाई.

"आत्ता! घ्या मत!"

"सगळे इथेच आहेत. बाग राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. रुस्कोचा पेल्यासकट गेला.

अक्का, मी थांबले. हात मोजून होईपर्यंत मी मेलेलीच राहिले. तू असतीस तर तूही राहिली असतीस. तोंकाबाईंनी ठराव मंजूर म्हटलं, आणि मी जागच्या जागी इतका मोठा श्वास सोडला की झाडावरची चिमणी उडाली. आणखी थोडा वेळ मी अशीच राहिले असते, कारण आता माझ्या लोणच्याचं कौतुक चाललं होतं. पण रुस्कोनं माझ्या आत्म्यासाठी पेला तिरका केला आणि थेट पॅन्झीवर ओतायला घेतला.

"पॅन्झीवर नको!" मी म्हणाले.

कुणी हललं नाही. तोंकाबाई हलल्या, पण त्या गव्हाच्या ताटात बसल्या. रुस्कोनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, झाडावरच्या माझ्या फोटोकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"मावशी, तू मेलीस ना?"

"मेले असते तरी हेच सांगितलं असतं. दारू मुळांना लागते."

पुढचं भांडण तुला लिहून कंटाळा येईल, पण थोडं लिहिते, कारण ते माझ्यावरून होतं आणि मला त्यात बोलू देत नव्हते. रुस्को म्हणाला, मी शब्द दिला तो मेलेल्या बाईला, ही तर लेंडीखताचा वास मारत उभी आहे, मत परत घ्या. तोंकाबाई झगा झटकत म्हणाल्या, मत तू बागेला दिलंस, बाग काही मेली नव्हती. ही फसवणूक आहे, रुस्को म्हणाला. मी म्हटलं, पत्रक मी चिकटवलं का रे? तो म्हणाला, झाडामागे तरी तूच होतीस ना! मी त्याला ताटात उरलेला गहू वाढला. त्यानं खाल्ला. पण जाताना बजावून गेला की रविवारी संध्याकाळी तो पुन्हा मत मागणार, आणि या वेळी सगळ्यांना आधी माझी नाडी तपासायला लावणार. म्हणजे बाग मिळाली आणि पुन्हा टांगणीला लागली. मी खत घातलं. गप्प बसून घातलं.

रविवारी आख्खी इमारत चौकात आली. फुलं आधीच घेऊन ठेवली होती, ती वाया कशाला घालवायची? पण घेतली होती मयताची म्हणून, सम संख्येत. तोंकाबाई रांगेतून फिरल्या आणि प्रत्येकाच्या गुच्छातून एकेक फूल काढायला लावलं, म्हणजे विषम झाली, म्हणजे जिवंत माणसाची झाली. काढलेल्या फुलांचा तोंकाबाईंकडेच मोठा भारा झाला. माझ्यासारखे इतरही होते. नदीतला प्लॅस्टिकचा कचरा होडीतून गोळा करणारा म्हातारा कांचो सपाता घालून मंचावर आला. तो नदीवर असताना त्याच्या मेहुणीनं पत्रक पाहिलं आणि रीतीप्रमाणे त्याचे बूट वाटून टाकले. (ते बूट घातलेला माणूस पुढच्या रांगेत बसला होता आणि पाय खुर्चीखाली ओढत होता.)

महापौर बोलले. शहर तुमचं ऋणी आहे, म्हणाले, म्हणजे मजकूर त्यांचाच होता. मग पालिकेतली एक नवी मुलगी पुढे आली आणि तिनं मला गुच्छ दिला. ट्युलिप. सहा.

सगळा चौक ते मोजायला लागला. कांचो माझ्या कानात म्हणाला, "यांना आपण खरंच मेलेले हवे आहोत, बाई." मी तो गुच्छ धरून उभी. टाकावा तर पालिकेचा अपमान, धरावा तर माझा. तेवढ्यात पायऱ्यांवर जड पावलं वाजली. रुस्को वर आला. त्याच्या अंगात मयताचा काळा कोट होता, कारण त्याच्याकडे तेवढाच एक कोट आहे. माझ्या हातातल्या गुच्छातून त्यानं एक ट्युलिप उपसला, दांडा मोडला आणि आपल्या कोटाला खोचला. उरले पाच.

"मोजून देत चला," तो महापौरांना म्हणाला. "ही आमची बाई आहे. अजून लागते आम्हाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. उतरताना तो माझ्याशी हळूच बोलला, "पुढच्या वेळी मरणार असशील तर आधी कळव, मावशी. मला गाडी हलवायला लागते."

संध्याकाळची बैठक भरली. रुस्को आला, कोपऱ्यात बसला, जिन्यातल्या दिव्याबद्दल तावातावानं बोलला. बागेचा विषय त्यानं काढला नाही, दुसऱ्या कुणी काढला नाही, आणि मी तर श्वासही जपून घेत होते. तोंकाबाईंनी बैठक संपली म्हटलं तेव्हा पोतं पाठीवरून उतरावं तसं झालं. सकाळी त्याची गाडी बेकरीमागे होती. मी बागेला पाणी घातलं. त्याच्या गाडीची काच जवळ नसल्यानं नळी कुठे धरावी ते थोडा वेळ समजेना. मग तो खिडकीत आला, मी त्याला एक शिवी दिली आणि दिवस नीट सुरू झाला.

एवढंच. काळजी करू नकोस, रडली असशील तर डोळे धू. भावोजींना नमस्कार, आणि त्या शिव्या मी मनावर घेतल्या नाहीत हेही सांग.

तुझी धाकटी, अद्याप हयात,
वेलिका

ता. क. पुष्पचक्र वाया गेलेलं नाही. फरच्या झाडाच्या डहाळ्या गुलाबांच्या बुडाशी पसरल्या. तारेचं कडं वेलासाठी भिंतीवर ठोकलं. फुलं चांगली होती आणि सम होती. रीत तू चुकली नाहीस. पण स्वतः न येता बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलंस, ते मी लक्षात ठेवलं आहे.

ता. क. २. पुष्पचक्राची रिबन मी इस्त्री करून ठेवली आहे. तिच्यावर तू सोनेरी अक्षरांत छापून घेतलंस: माझ्या लाडक्या वेलिकेस, जिला मी कधी कशाला नाही म्हटलं नसतं. अक्का, मी इतकी वर्षं तुझ्याकडे आईच्या पांढऱ्या पियोनीचा कंद मागते आहे. घर विकलं तेव्हा झाड तू बुर्गासला नेलंस आणि दर वेळी म्हणतेस, पियोनी फोडली की रुसते, कित्येक वर्षं फुलत नाही. रुसू दे. मला आता वेळ आहे. शरद ऋतूत कंद फोड आणि तू स्वतः घेऊन ये. तीन डोळ्यांचा तुकडा आण. दोन नको, चार नको.

ता. क. ३. रुस्कोनं लिंडनजवळ खड्डा खणून ठेवला आहे. कुणी सांगितलं तर घाबरू नकोस, तो पियोनीसाठी आहे.