पासलीकर आणि माझा देवमासा

१२ जानेवारी १९३६, भोर.
पुस्तक छापून आले. 'पृथ्वी, प्राणी व पराक्रम'. लेखक आनंदराव, रिटायर्ड हेडमास्तर. ज्वालामुखी, देवमासा, रोमन बादशहा, सगळे एका पुस्तकात. जिज्ञासू वाचकाला दुसरे काही वाचायची गरज उरू नये अशी योजना. उद्या दारात रीघ लागणार. हिला सांगितले, सोप्यात घोंगड्या अंथर.

१३ जानेवारी.
घोंगडीवर मांजर येऊन झोपले. बाकी कोणी नाही. भोरच्या पब्लिकला भजी आणि भानगडी हव्यात, नॉलेज नको. संताप, संताप.

२० जानेवारी.
वाचनालयाच्या चिटणीसाला भेट दिलेल्या प्रतीबद्दल आज विचारले. जड आहे म्हणाला. विषय जड की भाषा? तर म्हणे, कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली बरोब्बर बसली. त्याच्याशी बोलणे कायमचे बंद. शहरी माणूस नासलेला आहे. खरी जिज्ञासा खेड्यात. निश्चय: नसरापूर, मार्गासनी, पासली असा लेक्चर-दौरा. शांत चित्ताने करायचा.

२६ जानेवारी, नसरापूर.
बाजाराचा दिवस. खोक्यावर उभा राहून रोमन बादशहांवर बोललो. गर्दी उत्तम. भारावून गेलो. शेवटी एकाने पुढे येऊन तोंड उघडले आणि किडकी दाढ दाखवली. मी दातांचे औषध विकतो असा सर्वांचा समज. त्याला मूर्ख म्हणालो. तोही मला काही म्हणाला. ते लिहिण्यासारखे नाही.

२७ जानेवारी, मार्गासनी.
हे हिचे माहेर, म्हणून ही बरोबर आली आहे. मेहुण्याने, मानसिंगने, चावडीपुढे माणसे जमवली. प्रस्तावनेपासून सुरुवात केली. कोणी तरी म्हणाले, "पाव्हणं, त्या माशाचं सांगा की." मी बजावले, क्रमाने जायचे. प्रस्तावना संपली तेव्हा मानसिंग एकटा उरला होता. भिंतीला टेकून घोरत. पांगलेल्या गावाला उद्देशून बराच वेळ ओरडलो.

२९ जानेवारी, पासली.
घसा साफ बसलेला. देवळात माणसे जमलेली. नाइलाजाने पुस्तक हिच्या हाती दिले. कानात सांगितले, अक्षर न् अक्षर वाच. हिने प्रस्तावना उलटली! उपोद्घातही उलटला! थेट देवमासा काढला. चार ओळी वाचल्या, पुस्तक मिटले आणि बोलायलाच लागली. म्हणे, देवमाशीण पिलाला दूध पाजते, आपल्या म्हशीवाणी. अरे, मी 'सस्तन' असा शास्त्रशुद्ध शब्द घातला आहे! धोंडाबाई नावाची म्हातारी पुढे सरकली. "आन् दूध पिताना पिलाच्या नाकात पानी जात न्हाई व्हय?" सगळ्या बायका पुढे सरकल्या. दिवेलागणीपर्यंत कोणी हलले नाही. मी खांबाआडून खुणा करत होतो. कोणी पाहिले नाही. परतीच्या वाटेवर हिच्याशी बोललो नाही. घसा नसल्याने तिला ते कळले नाही.

३ फेब्रुवारी, भोर.
पासलीचा हैबती लोकर विकायला आला होता. मेंढ्या राखतो. निरोप घेऊन आला: "बाईंस्नी धाडा. डोंगरातनं आग निघती ते ऱ्हायलंय." मी विचारले, आणि मी? म्हणाला, "तुमी कशाला तरास घेता, मास्तर?" ही हसली. हसले नाही म्हणते. मी पाहिले. वर मला सांगते, रागावू नका, पण जसं बोलतो तसं लिहिलं तर लोक वाचतील. लेखक कोण आहे या घरात? निश्चय: पासलीला एकटा जाणार.

९ फेब्रुवारी, पासली.
एकटा गेलो. देवळात पाऊल टाकताच एकच प्रश्न: "बाई कुठं?" दुर्लक्ष करून सुरू केले. पुन्हा देवमाशापासून, शुद्ध स्वरूपात. थोड्या वेळाने धोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. म्हणाली, "मास्तर, तुमी लई रागावून सांगता. त्या माशानं तुमचं काय वाकडं केलंय?"
 परतताना उत्तरे पुष्कळ सुचली. ऐकायला गाडीचे बैल होते.

१० फेब्रुवारी.
जेवलो नाही. हिने दोनदा बोलावले. तिसऱ्यांदा बोलावले असते तर गेलो असतो.

१६ फेब्रुवारी, पासली.
हिला घेऊन गेलो. केवळ चुका टिपण्यासाठी. पुढची जागा बायकांनी धरलेली, मला वहाणांच्या ढिगाजवळ बसावे लागले. हिने ज्वालामुखी काढला. मध्येच मी एक सन दुरुस्त केला. सगळे देऊळ मागे वळले. "गप बसा की, मास्तर!"
गप बसलो.
ही सांगत होती, डोंगर गुरगुरायला लागला तेव्हा गावातल्या एका बाईने चुलीवरची भाकरी तशीच टाकली आणि पोराला काखेत मारून धावत सुटली. वेशीपाशी आली तर राखेने वाट दिसेना. ही बाई माझ्या पुस्तकात नाही. कुठून आणली देव जाणे. आक्षेप घेणार होतो, पण तोवर मी वहाणांचा ढीग सोडून धोंडाबाईच्या शेजारी जाऊन बसलो होतो. कसा ते आठवत नाही. तेवढ्यात ही थांबली. अंधार पडतोय, राहिलेलं पुन्हा, म्हणाली.
गाडीत विचारले, त्या बाईचे पुढे काय झाले?
म्हणाली, पासलीकरांबरोबर ऐका.