सवाष्णीचा फोटो

नगर, मंगळवार, फेब्रुवारी १९७३

पाथर्डीकडून दुष्काळाने आलेल्यांना आज आमच्या मंडळाने खोपटी दिली. खोपटी थोडी, माणसं फार. फोटोत आमच्या स्वयंसेविका दिसाव्यात म्हणून मालतीने पहिल्याच बाईला कुंकू लावून ओटी भरली. बाईचा गळा मोकळा होता. मला वाटलं, मंगळसूत्र विकलं असेल. फोटो निघताच तिने पदराने कुंकू पुसलं.

"का गं पुसलंस?" मी दरडावलं.

"धनी आखाडात गेलं, बाई. आदी बोलले असते, तर खोपाट दुसरीला दिलं असतं तुमी."

दिलं असतं? हो, फोटोला सवाष्णच हवी होती.

विधवेची ओटी भरली म्हणून मालती रडत बसली, तिला घरी पाठवलं. कपाळावरचा तो लाल फराटा अजून डोळ्यांपुढे आहे.

वर्तमानपत्राला हाच फोटो देणार. त्यात कुंकू ठसठशीत आहे.