उभ्याने वाचायचा डिस्प्ले

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही कारण तो बाबांच्या खुर्चीशेजारी असतो आणि बाबांचे कान तुला माहीत आहेत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येते.

काळजी आहे ती त्यांचीच. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. हाडाचे डॉक्टर म्हणतात, हाड पक्कं जुळलंय, दर तासाला उठून चार पावलं टाकायलाच हवीत. अजून दोन महिने असेच बसून राहिले तर सांधा आखडेल आणि मग उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. बाबा मात्र खिडकीतल्या खुर्चीला चिकटलेत. दुखतं म्हणतात. आम्ही दोघं दिवसभर कामावर. दुपारभर किती वेळ बसले होते हे विचारलं, तर दर तासाला उठतो असं बिनदिक्कत सांगतात. माझा विश्वास नाही.

म्हणून एक उद्योग काढलाय. गादीखाली एक बटण, त्याला माझ्याकडचा छोटा मायक्रोकंट्रोलर. बसले की मिनिटं मोजणार, उठले की पुन्हा शून्य. आता आकडा दाखवायला डिस्प्ले हवा. दुकानात सोळा अक्षरांचा दोन ओळींचा आहे, वीस अक्षरांचा चार ओळींचा आहे आणि एक अंगठ्याएवढा झगझगीत. तू वजनकाटे दुरुस्त करतेस, दिवसभर हेच पाहतेस. कोणता घेऊ ते कळव. बाबांना मी हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र म्हणून सांगितलंय, तेव्हा तू तोंड बंद ठेव.

वहिनीने आठवण काढली आहे. तब्येत सांभाळ.
तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दमटपणा? ज्यांच्यापुढे तू लहानपणी कधी एक थाप पचवू शकला नाहीस, त्यांना तू आता दमटपणा सांगतोस. धन्य आहेस. मला आणखी एक शंका येते. तू मला अर्धंच सांगतोयस का? बाबा यापेक्षा जास्त खचले असतील तर आडपडदा न ठेवता लिही, मी रजा टाकून येते.

आता डिस्प्ले. अंगठ्याएवढा घेऊ नकोस, तो लांबून दिसत नाही. चार ओळी घेऊन तू त्यात लिहिणार काय? साधा सोळा अक्षरांचा दोन ओळींचा घे आणि खालची ओळ रिकामी राहू दे. निळा मिरवायला बरा, पण खिडकीच्या उजेडात हिरव्यावरची काळी अक्षरं जास्त स्वच्छ दिसतात. मागे छोटी पट्टी जोडलेला माग, म्हणजे चार तारांत काम भागतं. नाहीतर सोळा पाय कथलाने डागत बसशील आणि एक हमखास चुकेल. मागे एक बारीक स्क्रू असतो, त्याने अक्षरं गडद-फिकी होतात.

एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगणार नाही. हे डिस्प्ले एकाच बाजूने नीट वाचता येतात. काही वरून पाहायला केलेले, काही खालून. उलट्या बाजूने पाहिलं तर नुसते काळे चौकोन. तू आणि वहिनी उभ्यानेच वाचणार, तेव्हा वरून दिसणारा घे आणि छातीच्या उंचीवर बसव.

बाबांना कळलं तर माझं नाव पुढे करू नकोस. लोभ आहेच, तो डागकामात जाळू नकोस.
तुझी,
ठमी


२ मार्च

चि. ठमीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र खालच्या न्हाव्याच्या हाती टाकायला देतो आहे, घरातल्या कोणाच्या नाही. कारण वाचलंस की कळेल.

तुझ्या भावाने माझ्या खुर्चीसमोरच्या फळीवर एक डबी ठोकली आहे. दमटपणा मोजते म्हणे. संध्याकाळी तो कारखान्यातून येतो, लेथचं तेल लागलेले हात न धुता आधी त्या डबीपुढे उभा राहतो. मग सूनबाई येते, तीही वाचते. दोघं एकमेकांकडे बघतात आणि वहीत काहीतरी लिहितात. मला खुर्चीतून काय दिसतं? दोन ओळी काळे चौकोन. त्यांना वाचता येतं आणि मला येत नाही, असं यंत्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही. जरा खाली लाव म्हटलं, तर तार आखूड आहे म्हणाला. लेथवर केसाच्या जाडीचं काम करणाऱ्या माणसाला तार मोजता येत नाही, हे मी कसं मानू? शिवाय एक तार माझ्या गादीखाली गेली आहे. घरातल्या दमटपणाचा माझ्या बुडाशी काय संबंध?

परवा माझा डोळा लागलाय असं समजून सूनबाई फोनवर हळूच कोणाला तरी विचारत होती की तिथे चोवीस तास माणूस असतो का. ठमे, मला कुठेतरी नेऊन ठेवायचा बेत चाललाय. म्हातारा निकामी झाला हे दाखवायला पुरावा गोळा करताहेत. मला याच खिडकीत राहायचं आहे. तुलाही यातलं माहीत असेल तर लपवू नकोस. मी रागावणार नाही, पण मला कळलंच पाहिजे.

तुझा,
बाबा


८ मार्च

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि हातातला काटा तसाच उघडा ठेवून बसले. मालकाने दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

त्या डबीत काय मोजतात ते मला माहीत आहे. दादाला शब्द दिलाय म्हणून मी सांगणार नाही. पण खोटंही लिहिणार नाही. तो डिस्प्ले मी निवडलाय. तो उभ्या माणसाला वाचता येतो, बसलेल्याला नाही. निवडताना तुम्हाला तो वाचावासा वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, ही माझी चूक. तुमचा संशय खरा की खोटा, ते तुम्हीच त्याच्यापुढे उभे राहून पाहा.

वहिनीने चौकशी केली असेल तर ती भीतीपोटी. दोघंही तुमच्यासाठी झुरताहेत. मीही.

वेळेवर गोळ्या घ्या, आणि रागावला असाल तर तसंही कळवा.
तुमची,
ठमी


२० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू बाबांना काय लिहिलंस? त्यांनी तुला पत्र टाकल्याचं न्हाव्याने मला सांगितलंय, उगाच कानावर हात ठेवू नकोस.

आधी माझी फजिती ऐक. सुरुवातीला संध्याकाळी आकडा असायचा दोनशे चाळीस, तीनशे, एकदा तर साडेतीनशे. वाचून मला आणि तुझ्या वहिनीला जेवण जाईना. शेवटी तिने हाडांच्या दवाखान्यात चौकशी केली, तिथे ठेवून घेऊन चालायला शिकवतात म्हणून. आणि गेल्या आठवड्यापासून आकडा काय, तर सहा. नऊ. चार. मला वाटलं बटण खराब झालं, ते बदललं. सगळे डाग पुन्हा लावले. मग वाटलं, बाबांनीच तारेला काहीतरी केलंय. घड्याळजीच ते, चिमट्याने काहीही करतील.

काल कारखान्यात वीज गेली म्हणून दुपारीच घरी आलो. दार किलकिलं केलं आणि तिथेच थिजलो. बाबा खिडकीचा कट्टा धरून उठत होते. एक पाऊल, दुसरं पाऊल, मान पुढे काढून डबीत बघितलं. उठल्यावर तिथे शून्यच असणार. ते पुटपुटले, परत येऊन बसले, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठले. मी बूट हातात घेऊन अर्धा तास दाराबाहेर होतो. चार वेळा उठले, ठमे. मला रडू आवरेना. लिहायला लाज वाटत नाही.

त्यांना वाटतंय आपण आकडा लपवतोय, म्हणून तो पकडायला उठताहेत. आता खरं सांगून टाकू का? सांगितलं आणि पुन्हा बसून राहिले तर? तुझं उत्तर येईपर्यंत मी डबीला हात लावत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
दादा


२८ मार्च

चि. ठमीस,
बाबांचे आशीर्वाद.

तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मी धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी उठलो, कारण मला तुम्हा सगळ्यांना पकडायचं होतं. बघतो तर शून्य. बसलो, पुन्हा उठलो, पुन्हा शून्य. दोन दिवस माझी अशी कवायत चालली. मग लक्षात आलं की मी उठलो की जे शून्यावर येतं, ते माझं बसणं मोजत असणार. एवढं न समजायला मी काय भिंतीवरची घड्याळं नुसती पुसत होतो? फार राग आला. डबी उपटून खिडकीबाहेर टाकायला हात घातला आणि तेव्हा जाणवलं की मी कशालाही न धरता उभा आहे.

तुला म्हणून सांगतो. दुखत नव्हतं. मी भीत होतो. पुन्हा पडलो तर या वेळी उठणार नाही, असं मनाने घेतलं होतं आणि मुलासमोर ते बोलवत नव्हतं.

डबीचं गुपित कळल्याचं मी घरात बोललो नाही, आणि तूही बोलू नकोस. दुसरा डिस्प्ले लावायची टूम निघाली तर मोडून काढ.

त्या दुपारी मी नेहमीसारखा एकदा उठलो, तेवढ्यात दारातून लेथच्या तेलाचा वास आला. तुझा भाऊ बाहेर उभा होता. आत येईल म्हणून वाट पाहिली, तो येईना. मग मी थोडा बसलो आणि पुन्हा उठलो. दर खेपेला डबीत डोकावून वैतागल्याचं सोंग केलं. त्याचा श्वास अडकल्याचं मला इथवर ऐकू आलं. पाय भरून आला होता, तरी आणखी दोनदा उठलो. त्याला आणखी थोडा वेळ बघू द्यावं असं वाटलं.

तुम्हा तिघांवरचा माझा संशय आता मिटला आहे. माया होती तेवढीच आहे.
तुझा,
बाबा