पायऱ्या, डिश आणि तेरा नंबरचा पाना

२८ डिसेंबर, रविवार. अंथुर्णे.
आजपासून रोजनिशी. कारण घरात टीव्ही कसा बघावा याला शिस्त नाही, आणि शिस्त आणायची तर आधी नोंदी हव्यात. मी बारामती एमआयडीसीत कॅलिब्रेशन विभागात आहे. इतरांची मोजमापाची साधनं किती चुकतात ते दिवसभर मोजते. घरी आल्यावरही तेच, फक्त इथं साधनांऐवजी माणसं.

ठराव: खासगी चॅनलच्या मालिका बंद. तिथं सुनेनं चहात साखर घातली तरी तीन बाजूंनी वीज कडाडते. यापुढं सरकारी चॅनलचे माहितीपट. मालिका मी स्वतः कुठलीच बघणार नाही, सरकारी असली तरी.

आईला सांगितलं. रिमोट सध्या तिच्या ताब्यात असतो. ती म्हणाली, मला भाकरी थापताना कायतरी आवाज लागतो, मग कुणी का बोलंना.

२९ डिसेंबर, सोमवार.
माहितीपट : पाणमांजरं. कालावधी ५२ मिनिटं. पहिली नऊ मिनिटं डोळे उघडे ठेवून, बाकीची मिटून पाहिली. निवेदकाचा आवाज उत्तम. आबा म्हणाले मी घोरत होते. आबा माझे आजोबा, वय ८२. त्यांच्या ऐकण्याची खात्री देता येत नाही.

त्याआधी साडेसातला 'फाटा क्रमांक सोळा' नावाची मालिका लागते. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या एका पाटकऱ्याची गोष्ट. रिमोट लांब होता म्हणून बंद केली नाही. भाग ४१. पाटकरी चार मिनिटं नुसती पेन्सिल तासतो आणि मग अर्ज लिहीतच नाही. पार्श्वसंगीत नाही. गेटचं चाक मात्र उलट फिरवलंय.

१ जानेवारी, गुरुवार.
मुंबईहून सरकारी चॅनलचा फोन. गेल्या मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं तेव्हा पळसदेवला त्यांची माणसं आली होती. आबांना देवळापाशी उभं करून त्यांनी बोलतं केलं होतं. तो माहितीपट १८ तारखेला, रविवारी, संध्याकाळी सहा वाजता लागणार.

आबांना स्वतःला बघण्यात रस नाही. त्यांना पायऱ्या बघायच्या आहेत.

एकदाच लिहून ठेवते. जुन्या पळसदेवात आमचं घर होतं, ते धरणात गेलं. पाणी पार आटलं तरच जोतं उघडं पडतं. त्या घराला चार पायऱ्या होत्या असं आबा म्हणतात. त्यांची धाकटी बहीण बानूआजी म्हणते, तीन. हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. लग्नात, बारशात, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला, भात वाढेपर्यंत. मेमध्ये जोतं उघडं होतं, पण मध्ये दोनशे मीटर गुडघाभर गाळ. आबांच्यानं जाववलं नाही. कॅमेरावाल्यांनी जोत्यावरून ड्रोन फिरवला आणि म्हणाले, आजोबा, टीव्हीवर दिसेल. आता जोत्यावर पुन्हा पाणी आहे.

म्हणजे मोजायची संधी एकच. जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती. पण वडील सीझनमुळे कारखान्यावर असतात आणि घरात दुसरं लायक माणूस नाही.

भाग ४४. (ओझरता.)

५ जानेवारी, सोमवार.
डिशचा सिग्नल मोजला. क्वालिटी ६४ टक्के. आई म्हणाली, दिसतंय की चांगलं. 'दिसतंय की' हे मोजमाप नव्हे.

शेजारच्या सोपानतात्यांची डिश पाहिली. एका फुटक्या घमेल्यात उभी केलीय आणि दगडांनी दाबलीय. कोन किती विचारला. ते म्हणाले, "त्या लिंबाच्या शेंड्याकडं त्वांड केलंय बघ, आठ वरसं झाली." त्यांच्याकडे कुस्त्या लागलेल्या होत्या. चित्र हिरवट. पैलवान कैरीसारखे.

फोनमध्ये कोन मोजायचं ॲप घेतलं. एक ओळंबा आणि तेरा नंबरचा पाना आणला.

भाग ४६. पाटकऱ्याची बहीण येऊन गेली. दोघं बोलले नाहीत, नुसते उंबऱ्यात बसले. असं कुणी दाखवत नाही. ही तांत्रिक नोंद आहे.

८ जानेवारी, गुरुवार.
आमच्याकडे डिश लावायची पद्धत अशी : एक माणूस माळवदावर, एक अंगणात, एक टीव्हीपुढं. वरचा ओरडतो, आलं का? आतला म्हणतो, आलं. अंगणातला म्हणतो, आलं आलं. वरचा आणखी हलवतो. आतला म्हणतो, गेलं. मग सगळे मिळून, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! ही पद्धत मी आजपासून बंद केली. यापुढं 'आलं' आणि 'गेलं' हे शब्द वापरायचे नाहीत. फक्त टक्के सांगायचे.

टक्के बघायला मेनू उघडावा लागतो. मेनू उघडला की चित्र झाकलं जातं. आईनं विचारलं, मग बघायचं कवा? प्रश्न चुकीच्या टप्प्यावर होता म्हणून उत्तर दिलं नाही.

११ जानेवारी, रविवार.
रंगीत तालीम. आई टीव्हीपुढं, मी वर. ७१ टक्के. दोन तास लागले. आईची भाकरी करपली. ती म्हणाली, "टक्के खा आता."

सोपानतात्यांची मोटर सुरू झाली की आमचा व्होल्टेज पडतो. त्यांना १८ तारखेला सहा ते सात मोटर बंद ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, "आबांच्या पायऱ्यांसाठी कांद्याचं पाणी घंटाभर मागं सारतो. तुज्या टक्क्यांसाठी न्हाय." हेतू काहीही असो, सहकार्य मिळालं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
भाग ५३. पाटकऱ्याची बदली झाली. ऑर्डरवरची तारीख आणि जावक क्रमांक जुळत नाहीत, म्हणजे ही बदली टिकणारच नाही. पण मालिकेत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तो सायकलवर गाठोडं बांधतो आणि चाव्या खिळ्याला अडकवतो.

आज जेवले नाही. दोन्हींचा संबंध नाही.

माहितीपट : मीठ. पहिली सहा मिनिटं.

१७ जानेवारी, शनिवार.
बानूआजी वडगाव निंबाळकरहून आली. पिशवी टेकवायच्या आत म्हणाली, "दादा, तीनच हुत्या. म्या तिसरीवरनं पडले तवा पुडचा दात गेला. पडनाऱ्यानं मोजलेलं आसतं." आबा म्हणाले, "बाने, तू पडलीस तवा पाच वरसाची हुतीस. तुला मोजता तरी कुठं येत हुतं? म्या ज्वारीची पोती वर न्हेल्यात. माज्या पायाला ठावं हाय." आजी म्हणाली, "तुज्या पायाला बाकी बी लई ठावं हुतं, वैनी सांगायची."

शेवटी अट ठरली. उद्या जो हरेल त्यानं जन्मात पुन्हा पायऱ्यांचं नाव काढायचं नाही. हे ठरल्यावर आबांनी आजीची पिशवी स्वतः उचलून आत ठेवली.

मी निष्पक्ष आहे. माझा पक्ष फक्त चित्राच्या स्पष्टतेचा.

१८ जानेवारी, रविवार.
५.३० : सगळं तयार. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, जादा केबल. आबा धुतलेला फेटा बांधून खुर्चीत. बानूआजी चष्मा पुसून खाली. आईनं चहा केला.

५.५८ : सोपानतात्यांची मोटर बंद. कौतुकास्पद.

६.०० : सुरू. पाणी, होड्या, देऊळ. क्वालिटी ७१.

६.०४ : चित्रात दोनदा चौकड्या पडल्या. आई म्हणाली, आल्या अन् गेल्या, काय हुतंय. पण पायऱ्या दिसतील तेव्हाच चौकडी पडली तर? तीन आणि चार यांत फरक एकाचा आहे. एवढ्या फरकाच्या मोजमापाला ७१ टक्के पुरत नाहीत. पाना घेऊन वर गेले.

६.०९ : नट पाव फेरा सैल केला. खालून आईचा आवाज, "आलं, आलं! आबा दिसाय लागलं!" मी विचारलं, टक्के किती? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. बानूआजीचा आवाज, "अगं जोतं येईल आता, ये की खाली!" मी आईला मेनू उघडायला सांगितलं, फक्त दहा सेकंद. आईनं उघडला. आत कुणीतरी "आरं आरं" केलं. ७३. म्हणजे माझी दिशा बरोबर होती. आणखी पाव फेरा दिला.

६.११ : सिग्नल नाही.

६.११ ते ६.३२ : सिग्नल नाही. या काळात अंगणातून 'गेलं' हा शब्द अकरा वेळा आला. सोपानतात्याही येऊन ओरडून गेले. ते अधिकृत निरीक्षक नव्हते.

६.३३ : ८२ टक्के! आजवरचा उच्चांक. खाली येऊन पाहिलं. हवामानाच्या बातम्या चालू होत्या. विदर्भावरचे ढग अतिशय स्पष्ट.

कुणी टीव्हीकडे बघत नव्हतं. चहा तसाच होता, साय धरून. बानूआजी भिंतीला म्हणाली, तीनच हुत्या. मला वाटलं, आबा चार म्हणतील. फेटा सोडून त्यांनी घडी घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मला आकडा एकच पायजे हुता."

१९ जानेवारी, सोमवार.
बिघाडाचं मूळ कारण शोधलं. निरीक्षकानं (आई) दोनदा विचारूनही टक्के दिले नाहीत. दुसरं, मेनू चित्र झाकेल अशा जागी उघडतो. तिसरं, नटाचे आटे गंजलेले. चौथं काही सापडलं नाही. कागद तयार करून आईपुढं ठेवला. तिनं त्यावर लसूण सोलला.

बानूआजी वडगावला परत गेली नाही. म्हणते, निकालाशिवाय जात नाही. आबा दिवसभर बाहेर बाजेवर होते. संध्याकाळी टीव्ही लावू का विचारलं. नको म्हणाले.

चॅनलला मेल पाठवला. नऊ मुद्दे. शेवटचा मुद्दा विनंतीचा होता.

भाग ५६. आवाज बंद करून पाहिला. पाटकऱ्याची खोली रिकामी दाखवतात, चाव्या खिळ्याला तशाच.

२० जानेवारी, मंगळवार.
चॅनलकडून उत्तर आलं. सौजन्यपूर्ण, दोन ओळी. पुनःप्रक्षेपण उद्या, बुधवारी, दुपारी एक वाजता. आबांना सांगितलं. ते हूं म्हणाले. बानूआजी आणि आईनं एकमेकींकडे पाहिलं. मी त्याचा अर्थ उत्साह असा घेतला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कंपनीतून आणलेल्या मीटरनं संध्याकाळी डिश पुन्हा लावली. नवा नट, नवं वायसर, ओळंबा. ९४ टक्के. सबंध तालुक्यात एवढी क्वालिटी कुणाची नसावी. चौदा मुद्द्यांचा सूचना-कागद टीव्हीला चिकटवला. मुद्दा एक : मी पोचेपर्यंत कुणी काही करू नये.

२१ जानेवारी, बुधवार.
बारामतीहून बस उशिरा सुटली. १.१० ला घरी. दार उघडं. टीव्ही बंद. कागद जागेवर. बाज रिकामी, आबांची काठी नाही. मी टीव्ही लावून पाहिला : ९४. देवळाच्या कळसावरची शेवाळाची रेघसुद्धा दिसत होती. मी एकटीच उभी राहून बघत होते.

मग शेजारून बानूआजीचा आवाज आला.

सगळे सोपानतात्यांच्या घरात होते. आबा पलंगावर, आजी खाली, आई दाराशी. टीव्हीवर देऊळ हिरवं, पाणी हिरवं, आबा हिरवे. मी उंबऱ्यात उभी राहिले. आईनं मान न वळवता सरकून जागा केली आणि म्हणाली, "बस हितं. अन् कशाला हात लावू नगंस." मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

१.१६ ला जोतं आलं. वरून, मग हळूहळू जवळ. एक चौकडी पडली आणि गेली. जोतं दिसलं अंदाजे सहा सेकंद.

गाळाच्या वर पायऱ्या दोन.

मग आबा म्हणाले, "वर दोन, गाळात दोन. झाल्या का न्हाय चार?" बानूआजी म्हणाली, "गाळात एकच. तिच्यावर माजा दात पडलाय, जाऊन बघ." "तूच जा की बाने, तुला पवाया येतं." "मला न्हाय येत, पर तुज्यावानी खोटं बी बोलता येत न्हाय." आबा हसायला लागले. अठरा तारखेपासून पहिल्यांदाच. आजीनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. पायऱ्यांचं नाव न काढण्याच्या अटीचा विषय दोघांनीही काढला नाही.

दिसणाऱ्या दोन पायऱ्यांची उंची आणि जोत्याची एकूण उंची धरली तर गाळातल्या किती ते गणितानं काढता येतं. मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बंद केलं.

संध्याकाळ, ६.३० : घरी सिग्नल अजून ९४. आबा, आजी आणि आई अजून तिकडेच. आई भाकरीही तिकडेच थापतेय. तिथं आवाज आहे म्हणे.

साडेसातला भाग ५८. बदली रद्द होते की नाही ते आज कळेल. मी कुंपणापाशी जाऊन सोपानतात्यांना विचारलं, मी पण येऊ का बघायला.

ते म्हणाले, "ये की. पाना घरी ठिवून ये."