अमीनच्या फळीवरच्या किल्ल्या

शुक्रवार, दुपार

लाडक्या बेबीस,

तुझ्या आईचा सलाम आणि पोटभर दुवा. इकडे आम्ही बरे आहोत, तुम्ही तिघंही बरी असाल. तिघं लिहिताना हसूच आलं बघ. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, नाही लागलं तर जावयाकडून वाचून घे.

फोटो पोचला. नाक आपल्याच घरचं आहे, तुझ्या सासूबाई काही म्हणोत. शेजारणीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, विजेचं बिल घेऊन आला त्यालाही दाखवला. बिचारा उन्हात उभा होता.

तू विचारलंस, आजोबांचं नाव बाळाला ठेवायचंय, तर अमीन म्हणजे काय. सासूबाईंना जुनाट वाटतं म्हणे. जुनं आहेच. मी नवी नवरी असताना आजोबांनीच सांगितलं होतं, तेही ओठांत टाचण्या धरून, त्यामुळे अर्धंच कळलं. अमीन म्हणजे भरवशाचा माणूस, ज्याच्यापाशी ठेवलेलं सुखरूप राहतं. पैगंबरांना लोक तरुणपणापासून अल-अमीन म्हणत. जे त्यांच्यावर उलटले, त्यांच्याही ठेवी त्यांच्याकडेच. गाव सोडायची वेळ आली, तरी ज्याचं त्याला परत करायला माणूस मागे ठेवून गेले. पुढे बादशाहीत महसूल बघणाऱ्या अंमलदारालाही अमीन म्हणू लागले. ते सगळेच काही नावाला जागले नसतील, असं आजोबा म्हणायचे.

ते स्वतः जागले. शिलाईच्या दुकानातली ती खिळ्यांची फळी आठवते ना? अख्खी गल्ली कामावर जाताना घराची किल्ली तिथे अडकवून जायची. बेकरीवाले दोघे भाऊ वाटणीवरून बोलेनासे झाले, तेव्हा दोघांनी वेगवेगळं येऊन बजावलं, माझी किल्ली त्याच्या हाती लागता कामा नये. आजोबांनी दोन्ही एकाच खिळ्याला लावल्या. म्हणाले, "भांडण तुमचं, खिळा माझा." मग रोज संध्याकाळी दुसऱ्याची किल्ली बाजूला सारून आपली काढायची. तू स्टुलावर चढून त्या किल्ल्या खुळखुळवायचीस आणि आजोबा शिवता शिवता ताल धरायचे.

आता कोणी कोणाकडे किल्ली ठेवत नाही. त्या फळीवर मी गाळण्या अडकवते.

अब्बा काय म्हणाले, हे तू दोनदा विचारलंस. मी आपली इकडचं तिकडचं लिहीत बसले. तुझ्या लग्नापासून ते तुझं नाव काढत नाहीत, तुला ठाऊक आहे. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ते पेपर धरून बसले होते, पान काही उलटलं नाही.

पण एक सांगते. आपल्या दाराचं कुलूप हल्ली अडतं. मागच्या महिन्यात कुलूपवाला म्हणाला, हे काढा, नवं बसवतो. अब्बांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी म्हटलं, रोज दाराशी कुस्ती कोण खेळणार? तर भिंतीकडे बघत म्हणाले, "बदलून कसं चालेल? एक किल्ली बाहेर आहे."

रागाने निघताना तू ती पर्समध्ये टाकलीस, ते मला वाटलं मी एकटीनेच पाहिलं.

आज सकाळी उठून बघते, तर आजोबांच्या मशीनच्या तेलाची कुपी काढून कुलपात थेंब थेंब सोडत बसलेत.

तेव्हा नाव ठेव. आणि ये. दार जरा वर उचलून किल्ली फिरवावी लागते. कडेवर बाळ असलं की एका हाताने जमायचं नाही. मग हाक मार, अब्बा आतच असतात.

तुझी आई,
आणि आजपासून अमीनची नानी