खटखट थांबली की

३ फेब्रु., मंगळवार
कीबोर्ड आला. कुरिअर गावात येत नाही, ह्यांच्या वारंगा फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानात आला. लॅपटॉपचं 'ई' आणि स्पेस बसल्यापासून डॉक्टरांचं बोलणं ऐकून रिपोर्ट टाइप करायचे म्हणजे बोटांचा छळ होता. किती व्हिडिओ बघून एकेक भाग मी निवडलेला. ॲल्युमिनियमची बॉडी, पांढऱ्या कीकॅप, आवाज न करणारे स्विच. शेवटचं ह्यांनी परस्पर बदललं, खटखटणारे निळे मागवले. म्हणे, "आवाजच न्हाई तर घरच्यायला कसं कळंल, तू काम करून राहिली म्हणून?"
हौसेनं दिला, खोटं कशाला बोलू. पण पुण्याच्या ऑफिसात टीम लीडरची जागा निघाली असं मी जेवताना बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी ऑर्डर गेली. घरीच ऑफिस करून देतो, पुण्याचं नाव काढायचं नाही.

५ फेब्रु.
हाताला मात्र सुख आहे. बटण दाबलं की बोटाला उत्तर मिळतं. दुपारपर्यंत एवढे रिपोर्ट झाले की मलाच खरं वाटेना.
सासरे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, सूनबाईचं हापीस चालू हाय. आज दोघंजण खिडकीशी उभं राहून ऐकून गेले.

९ फेब्रु.
सुख संपलं. आधी लॅपटॉपला आवाज नव्हता. खिडकीतून बाहेर बघत बसले तरी ते कामातच जमा व्हायचं. आता खटखट थांबली की सासूबाईंची हाक. मोकळी झालीस का गं? मग दूध, मग डाळ, मग गच्चीवरची हळद उलटून ये.
विचार करायला थांबायची सोय राहिली नाही. गायीच्या गळ्यातली घंटा गायीसाठी नसते.

१२ फेब्रु.
ह्यांना म्हटलं, स्विच बदलू या. ओढून काढायचे, दुसरे बसवायचे, सोल्डरिंगसुद्धा नको. हे मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, बाबाला आता कुठं सवय लागली.
पुण्याची जागा निघाली तेव्हाच मी अर्ज करून टाकलाय. कुणाला सांगितलं नाही. बुधवारी मुलाखत, दु. चारला, व्हिडिओवर. खोलीत बोलले तर शब्दन् शब्द ओट्यावर. न बोलले, न टाइप केलं, तर सासूबाई दारात. कुठूनही अडकलेलीच.

१५ फेब्रु., रविवार
सुचलं. रिपोर्ट टाइप करताना खटखट फोनवर रेकॉर्ड केली. भरपूर लांब. नुसतीच बटणं बडवायला गेले तर हात अडतो, म्हणून खरंच काम केलं, कानाला हेडफोन. सुटीच्या दिवशी काम म्हणून सासरे खूश. थोडं ऐकलं, झकास आलंय. स्वतःच्याच युक्तीवर हसू आलं, मग रडू.

१८ फेब्रु., बुध.
लॅपटॉपवर खटखट लावली, दार ओढलं, मागच्या जिन्यानं गच्चीवर. उकडलेली हळद वाळत घातलेली, तिच्या कडेला फोन घेऊन बसले. पुण्याच्या मॅडमनी विचारलं, इकडे का यायचंय? मी प्रगती, अनुभव वगैरे बोलले. खरं उत्तर होतं की मला आवाज न करता बसायचंय.
उतरले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर सासूबाई. मांडीवर सूप.
"खोलीमधून मीच तुला हाक मारली," त्या म्हणाल्या. "तू 'आले' म्हणलीस. आन तू तर वरून येऊन राहिली."
रविवारी दूध उतू जाताना त्यांनी हाक मारलेली, हेडफोन सरकवून मी ओ दिलेली. तेही रेकॉर्ड होऊन बसलं होतं त्यात. पूर्ण ऐकलं नाही, हा शहाणपणा.
सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुपातल्या डाळीतला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "माझा आवाज तेवढा काढ त्यातून. ओट्यावरचे तुझे मामंजी भैरे न्हाईत."

२० फेब्रु.
जेवताना सासूबाईंनी ह्यांच्यासमोर एक अक्षर काढलं नाही. पाठीशी घालतायत की पुढं कधीतरी काढायला जपून ठेवतायत, कळत नाही. भीतीनं रेकॉर्डिंगच डिलीट केलं. आधी आवाजानं बांधलेली होते, आता त्यांच्या गप्प बसण्यानं.

२४ फेब्रु., मंगळ.
निवड झाली. सकाळी मेल. संध्याकाळी पाचला फोन करणार, येणार की नाही ते सांगायचं. नऊ मार्चला हजर.
चुलीपाशी सासूबाईंना सांगितलं. हळदीचे हात पदराला पुसत खोलीत आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच.
"कुठं बडवायचं दाव. जा वर."
मी जागची हलेना. तेव्हा म्हणाल्या, "आमच्या येळंला जातं होतं. घरघर थांबली की सासू यायची. मी रिकामंच फिरवायची."
गच्चीवरून ऐकत होते. एका बोटानं, सावकाश, खडे वेचल्यासारखं. खाली सासरे कुणाला तरी म्हणाले, आज सून दमलेली दिसती.
फोन आला. तोंडाशी आलेलं हो तिथंच अडलं. ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. उद्या सकाळी कळवते म्हटलं. मॅडम म्हणाल्या, उद्याच, त्यापुढे नाही.
खाली आले तर पांढऱ्या कीकॅपवर हळदीची बोटं. पुसली. 'ए' आणि 'एस'वरचा पिवळा डाग जात नाही. हे दुकानातून आले की बघतीलच.
सासूबाई बाजूच्या बटणांवर अजून बोट मारतच होत्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "व्हय म्हणलीस का?"
"उद्या सांगते म्हटलं."
खटखट थांबली नाही.
"मंग उद्याबी मीच बडवू का?"