उतार आणि उत्साह

५ तारीख, शनिवार

आज ठरलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डोंगरावर सायकली न्यायच्या. आधी ढकलत वर चढवायच्या, मग त्यांच्यावर बसून खाली यायचं. रस्त्याने नव्हे, पायवाटेने. दगड, मुळ्या, झाडं, सगळं जागच्या जागी असताना. लोक हे आपण होऊन करतात.

बेत मोजणीसाहेबाचा. हा जमिनी मोजतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचा उतार त्याला तोंडपाठ. तीसुद्धा जाणार आहे. ती म्हणजे मामाच्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, तिथली. तिची अपॉइंटमेंट कार्डं मीच छापतो. त्यात आजवर एकही चूक नाही. बाकीच्या कामाबद्दल मामा वेगळं बोलतो.

मोजणीसाहेबाने जिन्यात उभं राहून विचारलं, कोणाला अनुभव आहे का. ती बघत होती. मी म्हणालो, कॉलेजात असताना बरंच केलंय. हे खोटं नाही. कॉलेजला सायकलनेच जायचो आणि वाटेत एक उतार होता. दुसऱ्या वर्षी एचओडीशी वाजलं नसतं तर अजून अनुभव आला असता.

छातीत धडधडतंय. उत्साहाने.

६ तारीख, रविवार

सायकल मिळाली. पाना म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, सायकलच्या दुकानात आहे. त्याने स्वतःची दिली. बोलला की, उतारावर सीटवर बसायचं नसतं, पेडलवर उभं राहून बूड मागे न्यायचं. मी विचारलं, मग सीट कशाला बसवलीय? तो चेन पुसायला लागला. तज्ज्ञांना मुळातला प्रश्न विचारला की असंच होतं.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला प्रॅक्टिस.

७ तारीख

पहाट झाली होती, असं ताई सांगते.

९ तारीख, बुधवार

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस. पडलो. मांजर आडवं आलं. वॉचमन म्हणतो, मांजर भिंतीवर झोपलं होतं. त्याच्याशी कडाक्याचं भांडण. माणसाने इमान ठेवून ड्युटी करावी, मांजरांची वकिली करू नये. मी पडल्यावर ते उठून बघायला आलं, एवढं मात्र खरं.

१२ तारीख, शनिवार

नी-गार्ड आणले. घरात घालून बघितले. चालताना रोबोसारखं वाटतं, पण आत्मविश्वास येतो. जेवतानाही काढले नाहीत. ताईने दोन घास गिळेपर्यंत सहन केलं आणि मग म्हणाली, "आई, म्हण खरी निघाली गं. उतावळा नवरा, बघ, गुडघ्याला बाशिंग."

बाबा हसले. गेल्या वर्षभरात माझ्यामुळे पहिल्यांदा. मी ताटावरून उठलो. नंतर परत बसलो, भूक होती.

ताईला कसं कळलं? मी तर तिचं नाव घरात काढलेलं नाही. फक्त झोपेत काढतो, असं आई म्हणते.

१५ तारीख, मंगळवार

खऱ्या उतारावर सराव. मोठ्या हॉस्पिटलच्या मागचा रॅम्प. वरून खाली पाहिलं. रॅम्प बांधताना इंजिनिअरने हिशेब चुकवलाय, फारच खडा आहे. आधी सर्वे करावा म्हणून सायकल हातात धरून चालत उतरलो. मग पुन्हा वर गेलो, पुन्हा चालत उतरलो. एक आजोबा वॉकर घेऊन त्याच रॅम्पवरून येत होते. माझ्या पुढे गेले.

रॅम्प आता पूर्ण ओळखीचा झालाय. उद्या बसून.

१६ तारीख

ढग होते.

१७ तारीख

ढग नव्हते. डोळ्यांवर ऊन येत होतं.

१८ तारीख, शुक्रवार

रात्री स्वप्नात डोंगर आला आणि माझ्याकडे बघत बसला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शांतपणे विचार केला. तब्येत सांभाळणं हे खऱ्या रायडरचं पहिलं कर्तव्य. त्यामुळे ताईला सांगितलं की बहुतेक मला मोठं काहीतरी झालंय, ट्रिप रद्द करावी लागेल. ताई लॅबमध्ये नोकरीला आहे. ती लगेच सिरिंज घेऊन आली. म्हणे, रक्त बघूया. मला तेवढ्यात बरं वाटलं.

उद्या क्लिनिकवालीला स्पष्ट सांगून टाकणार: मामाने सुट्टी नाकारली. मर्दासारखं सांगणार.

१९ तारीख, शनिवार

मर्दासारखा उभा होतो. मामाचं 'मा' म्हणालो, तेवढ्यात तीच बोलायला लागली. कार्डं घ्यायला खाली आली होती. कटिंग मशीनला टेकून हळू आवाजात म्हणाली की मागच्या वर्षी त्याच डोंगरावर ती पडली होती. कॉलरबोन मोडलं. स्वतः फिजिओ, आणि स्वतःचाच हात खांद्याच्या वर जाईना. तेव्हापासून उतार दिसला की हातापायांना घाम सुटतो. या वेळी जमलं नाही तर ती सायकल विकणार आहे.

मग म्हणाली, "तुला सवय आहे ना, तर तू माझ्या पुढे राहा. तू जिथून जाशील तिथून मी येते."

मी काय म्हणालो? बिनधास्त, म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडातून आपोआप आला.

आता जाणं भाग आहे. धडधड आता पोटापर्यंत पसरली आहे. एवढा उत्साह बरा नव्हे.

२२ तारीख, मंगळवार

रॅम्पवरून बसून आलो! डोळे काही काळ बंद होते. खाली पोचलो तेव्हा सायकल माझ्याआधी पोचली होती, पण एकाच दिशेने आलो, हे महत्त्वाचं.

२५ तारीख, शुक्रवार

ती सायकलवर क्लिनिकला आली. फाटकापाशी ब्रेक दाबला तर असा किंचाळला की पेशंट खिडकीत आले. ती कानकोंडी झाली. म्हणाली, डोंगरावरही असंच ओरडतो, प्रत्येक वळणावर सगळ्यांना कळतं की ही घाबरली.

मी म्हणालो, सायकल आज रात्री खालीच ठेव. सकाळी गप्प झालेली असेल.

तिने चावी माझ्या हातात दिली. चावीला छोटा लाकडी हत्ती आहे. खिशात ठेवला. दर दहा मिनिटांनी तो आहे ना बघतो.

२६ तारीख, शनिवार

सकाळी पानाला विचारायला गेलो होतो, किंचाळणाऱ्या ब्रेकला काय करतात. पण गेल्या गेल्या त्याने विचारलं, माझ्या सायकलचा आरसा कुठे गेला. मी म्हणालो, मित्रापेक्षा आरसा मोठा का? तो म्हणाला, सध्या तरी हो. मी ताडकन निघालो. विचारायचं राहिलं.

गरजही नव्हती. यंत्राचं शास्त्र साधं आहे. कुरकुरतं तिथे तेल घाला. मामाचं कटिंग मशीन मी असंच वठणीवर आणलं होतं. त्याच मशीनची कुप्पी घेतली. तिच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या पत्र्याच्या चकत्या फडक्याने पुसून पुसून तेलाने माखल्या. कडेच्या फटीतही थेंब थेंब सोडले. प्रेमाने सोडले. मग माझ्या सायकलला पण लावलं, दोघांचं एकसारखं असावं म्हणून.

चाक हाताने फिरवलं. लोण्यासारखं. आवाज शून्य.

तिने येऊन लिव्हर दाबून पाहिलं, घट्ट. चूं नाही की चां नाही. म्हणाली, जादू आहे तुझ्या हातात. मग संध्याकाळपर्यंत मी त्या हाताने काही काम केलं नाही. मामा ओरडला. दोन्ही सायकली रात्री छापखान्यातच ठेवल्या, उद्या थेट टेम्पोत.

२७ तारीख, रविवार, सकाळ

टेम्पोत. सायकली मागे, आम्ही पुढे टेम्पोवाल्याशेजारी. ती, मोजणीसाहेब, मी. ती गाणं गुणगुणतेय, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा. मला उलटीसारखं होतंय. टेम्पोच्या वासाने.

२७ तारीख, दुपार, माथ्यावर

चढण संपली. मी बरीचशी चालत आलो. सायकल उसनी आहे, तिला वापरून झिजवणं बरोबर नाही.

वरून सगळं दिसतं. म्हणून खाली बघत नाहीये. पायवाट कड्याच्या बाजूने जाते, मग एका ओघळात घुसते, मग दिसतच नाही. बहुतेक पुढे ती संपते आणि नुसती हवा असते.

फार वाईट झालंय. नीट लिहितो.

बिस्किटं खाताना मोजणीसाहेबाने सूचना दिल्या. निघण्याआधी ब्रेकच्या चकतीला कोणी बोटही लावू नका, म्हणाला, बोटाचा चिकटपणासुद्धा चकतीवर घासणारे पॅड पिऊन टाकतात आणि मग ब्रेक धरत नाही. तेल लागलं तर विचारूच नका, पॅड फेकून द्यायचे. माझ्या घशात बिस्किट अडकलं. तिने पाणी दिलं.

मी सायकल घेऊन मोठ्या दगडाच्या मागे गेलो. तिथे अंगणाएवढा उतार आहे. बसलो, दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर घट्ट, आणि सायकल आपली चालली आहे, जणू मी कोणी नाहीच. करवंटीसारखा घरंगळत झुडपात गेलो. काटेरी होतं. आवाज केला नाही.

म्हणजे तिचेही गेले. तिचे तर जास्त. तिला मी प्रेमाने लावलंय.

हा आता उत्साह नाही.

सांगावं लागणार. सांगितलं तर ती परत माझ्याकडे बघणार नाही. ब्रेक न सांगता दुसरं काही सांगता येईल का? वादळ येतंय. पण आकाश निळंशार आहे. मी पडून दाखवू? त्याने तिचे ब्रेक लागणार नाहीत.

ती हेल्मेट घालतेय. एक बिस्किट उरलंय, ते संपलं की सांगतो.

२७ तारीख, संध्याकाळ, घरी

बिस्किट संपलंच नाही. मान वर केली तर तिचा एक पाय पेडलवर. मी पुढे राहणार होतो, पण ती मोजणीसाहेबाला म्हणत होती, आज वाटतंय मीच आधी जाईन, ब्रेक एकदम मस्त झालाय.

मी वही टाकून धावलो. वाटेत आडवा उभा राहिलो आणि तिचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. ती म्हणाली सोड. मी म्हणालो नाही. ती म्हणाली, चेष्टा नको, हिंमत आहे तोवर जाऊ दे. मला कारण सांगायचं होतं, पण तोंड उघडलं की नेहमीसारखा रागच बाहेर येतो. मी तिच्यावर ओरडलो की तू जायचं नाहीस म्हणजे नाहीस.

मोजणीसाहेबाने बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. तिचा चेहरा पांढरा झाला.

"तू कोण रे मला थांबवणारा?"

"मी तेल लावलंय."

"कशाला?"

"ब्रेकला."

तिने आधी सायकलकडे पाहिलं, मग कड्याकडे. पाय पेडलवरून काढून जमिनीवर ठेवला. मग दुसराही ठेवला. मग खालीच बसली. मोजणीसाहेबाने चकतीवर बोट फिरवून ते नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

तो एकटा सायकलवर खाली गेला, टेम्पो वरच्या वळणापर्यंत आणायला. आम्ही दोघं सायकली धरून चालत उतरलो. ब्रेक नसल्यामुळे सायकली आम्हाला ओढत होत्या, दोन अडेल बैलांसारख्या. ओघळापाशी तिने विचारलं, तू याआधी खरंच कधी गेलायस? मी म्हणालो, कॉलेजच्या रस्त्याने. मग ती म्हणाली की कालपासून तिला झोप नव्हती, हाड मोडल्याचा आवाज कानात येत होता.

मी म्हणालो, "मलाही भीती वाटत होती."

"कधीपासून?"

"पाच तारखेपासून."

ती हसली. इतकं की सायकल हातातून सुटली आणि दोघांना मिळून तिच्यामागे धावावं लागलं. (भीतीचं मी फक्त तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो. नोंद असावी.)

२८ तारीख, सोमवार

चारही चाकांचे पॅड बदलायला पानाकडे गेलो. त्याने वास घेतला, हातातलं काम ठेवलं आणि दुकानात जे जे होते त्या सगळ्यांना हाक मारून बोलावलं. नंतर आरसा विसरला. मैत्री पूर्ववत.

३० तारीख, बुधवार

ती खाली आली. सायकल विकणार नाही म्हणाली. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार, तिथेच. मला सायकलला हात लावायची बंदी. तिच्या, माझ्या, कोणाच्याही. मी मान्य केलं, मोठ्या मनाने.

पण मी यायला हवं, म्हणाली. टेम्पोवाल्याला या वेळी वेळ नाही, तेव्हा मोजणीसाहेब नुसता टेम्पो भाड्याने घेणार. तो टेम्पो डोंगराच्या रस्त्याने वर न्यायचा आणि ते दोघं सायकलींसह उतरले की रिकामा खाली आणायचा. भरवशाचा माणूस पाहिजे. तिने विचारलं, तुला गाडी चालवता येते ना?

बिनधास्त, म्हणालो.

उद्या सकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारून येतो, डावीकडचं पेडल कशाचं असतं.